एलडीडीला सगळं सापडतं, तरी सर्व्हिस उठत नाही: शेअर्ड लायब्ररीच्या शोधाचा एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

दूरवरच्या मोजणी-उपकरणांकडून आकडे घेऊन साठवणारी एक सर्व्हिस. सी प्लस प्लसमध्ये लिहिलेली आणि डेबियन १३ असलेल्या सर्व्हरवर बसवलेली. तिला इथे ‘संकलक’ म्हणू. तिचं सगळं सामान एकाच डिरेक्टरीत होतं: मुख्य प्रोग्राम /ऑप्ट/संकलक/बिन मध्ये आणि त्याला लागणाऱ्या शेअर्ड लायब्ररी (प्रोग्राम सुरू होताना जोडल्या जाणाऱ्या कोडच्या फाइली) /ऑप्ट/संकलक/लिब मध्ये. लायब्ररींपैकी लिबकोअर.एसओ.४ आणि लिबफ्रेम.एसओ.२ या टीमच्या स्वतःच्या होत्या. सोबत ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या संचाच्या ३.० मालिकेतल्या लिबएसएसएल.एसओ.३ आणि लिबक्रिप्टो.एसओ.३ याही बांधून दिल्या होत्या. जुन्या-नव्या सगळ्या सर्व्हरवर एकच पॅकेज चालावं, हा त्यामागचा हेतू.

मुख्य प्रोग्राम थेट फक्त लिबकोअर आणि लिबएसएसएल मागत असे. लिबफ्रेमची गरज लिबकोअरला होती. पुढे हाच तपशील महत्त्वाचा ठरला.

प्रोग्राम सुरू करण्यासाठी एक छोटी शेल स्क्रिप्ट होती. ती लायब्ररी कुठे शोधायच्या हे सांगणाऱ्या एलडी_लायब्ररी_पाथ या व्हेरिएबलमध्ये /ऑप्ट/संकलक/लिब आणि /ऑप्ट/संकलक/लिब/प्लगइन्स या दोन डिरेक्टरी भरायची आणि मग प्रोग्रामकडे सूत्रं द्यायची. सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या सिस्टमडीची युनिट फाइल ही स्क्रिप्ट एका साध्या, मर्यादित अधिकाराच्या युजरच्या नावाने चालवायची. पोर्ट ८४४३. ही मांडणी बराच काळ बिनबोभाट चालली होती.

मग गरज बदलली. काही ठिकाणच्या फायरवॉलमधून बाहेर फक्त ४४३ पोर्ट उघडा होता, म्हणून संकलकाने ४४३ वर ऐकायला हवं असं ठरलं. लिनक्सवर १०२४ च्या खालचे पोर्ट साध्या युजरला मिळत नाहीत. सर्व्हिस रूट (सर्वाधिकारी युजर) म्हणून चालवायची नव्हती आणि तो निर्णय योग्यच होता. प्रशासकाने नेहमीचा उपाय केला: सेटकॅप कमांडने मुख्य प्रोग्रामच्या फाइलवर सीएपी_नेट_बाइंड_सर्व्हिस=+ईपी ही कॅपॅबिलिटी, म्हणजे रूटच्या अधिकारांपैकी फक्त खालचे पोर्ट धरण्याचा अधिकार, लावली, कॉन्फिगरेशनमध्ये पोर्ट बदलला आणि सर्व्हिस रीस्टार्ट केली.

अडचण

सर्व्हिस उठताक्षणीच पडली. सिस्टमडीने एक्झिट कोड १२७ दाखवला आणि लॉगमध्ये एकच ओळ आली: लिबकोअर.एसओ.४, कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल, नो सच फाइल ऑर डिरेक्टरी.

फाइल जागेवर होती. वाचण्याची परवानगी सगळ्यांना होती. स्क्रिप्टमध्ये कुणी हात घातलेला नव्हता. सर्व्हिसच्याच युजरने लॉगिन करून, तेच व्हेरिएबल भरून प्रोग्रामवर एलडीडी (कोणती लायब्ररी कुठून मिळते ते दाखवणारी कमांड) चालवलं, तर प्रत्येक लायब्ररीपुढे बरोबर पत्ता येत होता. एकही ‘नॉट फाउंड’ नाही. त्याहून चकवणारी गोष्ट म्हणजे रूटच्या शेलमधून तीच स्क्रिप्ट चालवली की प्रोग्राम व्यवस्थित सुरू होत होता.

रूटला चालतं आणि साध्या युजरला चालत नाही, म्हणजे परवानग्यांचा घोळ, असा निष्कर्ष काढला गेला. डिरेक्टरींचे मोड तपासले गेले, मालकी बदलून पाहिली गेली, प्रोग्रामांवर बंधनं घालणाऱ्या अ‍ॅपआर्मरचे लॉग चाळले गेले. कशातच काही निघालं नाही, कारण दोष परवानगीत नव्हताच.

वाट सापडली ती एका न आलेल्या आउटपुटमुळे. एलडी_डीबग=लिब्स असं व्हेरिएबल भरून प्रोग्राम चालवला, तर लोडर (प्रोग्राम सुरू होताना लायब्ररी शोधून जोडणारा भाग) प्रत्येक लायब्ररी कुठे कुठे शोधतो ते ओळीओळीने छापतो. सर्व्हिसच्या युजरने ते चालवलं, तेव्हा एकही ओळ छापली गेली नाही. फक्त तीच चूक पुन्हा आली. /बिन/एलएस वर तेच व्हेरिएबल वापरलं की मात्र भरभरून मजकूर येत होता. म्हणजे याच एका प्रोग्रामच्या बाबतीत लोडर आपल्या व्हेरिएबलकडे बघायलाच तयार नव्हता. एलडी_डीबग तो दुर्लक्षित करत असेल, तर एलडी_लायब्ररी_पाथही करत असणार.

प्रोग्रामचे कर्नलकडे जाणारे कॉल दाखवणाऱ्या एसट्रेसने ते पक्कं झालं. फक्त ओपनअ‍ॅट कॉल (फाइल उघडण्याची विनंती) वेगळे काढून पाहिले, तेव्हा लोडर /इटीसी/एलडी.एसओ.कॅश उघडताना आणि त्यानंतर /लिब व /यूएसआर/लिब खालच्या डिरेक्टरी धुंडाळताना दिसला. /ऑप्ट/संकलक/लिब हा पत्ता त्या यादीत कुठेच नव्हता. फाइल उघडता आली नाही असं नव्हे. तिथे कुणी पाहिलंच नव्हतं.

मुळाशी काय होतं

डायनॅमिक लिंक केलेला प्रोग्राम सुरू होतो, तेव्हा कर्नल त्याच्यासोबत एक लोडर स्मृतीत आणतो. या लोडरचा पूर्ण पत्ता प्रोग्रामच्या फाइलमध्येच लिहिलेला असतो. लोडर प्रोग्रामच्या डायनॅमिक विभागातल्या ‘नीडेड’ नोंदी वाचतो आणि त्या नावांच्या लायब्ररी शोधतो. नावात तिरपी रेघ असेल तर तो सरळ पत्ता मानला जातो. नसेल तर जीलिबसी या लिनक्सवरच्या मूळ सी लायब्ररीच्या लोडरचा क्रम असा आहे: आधी मागणाऱ्या फाइलमधली आरपाथ नोंद (फाइलमध्येच लिहिलेला शोधाचा पत्ता; रनपाथ हा तिचा नवा प्रकार), पण त्याच फाइलमध्ये रनपाथ नसेल तरच. मग एलडी_लायब्ररी_पाथ. मग मागणाऱ्या फाइलची रनपाथ नोंद. मग एलडीकॉन्फिग या कमांडने बनवलेला कॅश, म्हणजे लायब्ररींच्या पत्त्यांची तयार यादी. आणि सगळ्यात शेवटी ठरलेल्या सिस्टम डिरेक्टरी.

या क्रमाला एक अपवाद आहे आणि तो जाणूनबुजून ठेवलेला आहे. प्रोग्राम सेटयूआयडी (फाइलच्या मालकाच्या अधिकाराने चालणारा) असेल किंवा फाइलवरच्या कॅपॅबिलिटीमुळे त्याला चालवणाऱ्यापेक्षा जास्त अधिकार मिळणार असतील, तर कर्नल ‘एटी_सिक्युअर’ हा संकेत लोडरला देतो. मग लोडर सुरक्षित पद्धतीने वागतो: एलडी_लायब्ररी_पाथ आणि एलडी_डीबग यांच्याकडे दुर्लक्ष करतो. असं नसतं, तर कुणीही साधा युजर आपली खोटी लायब्ररी पुढे करून वाढीव अधिकाराने स्वतःचा कोड चालवू शकला असता. थोडक्यात, सेटकॅपने पोर्टची परवानगी दिली आणि त्याच क्षणी स्क्रिप्टमधलं व्हेरिएबल निकामी झालं.

रूटला चालत होतं त्याचं कारणही इथेच आहे. खरा युजर रूटच असेल, तर फाइलवरच्या कॅपॅबिलिटीमुळे अधिकार ‘वाढले’ असं कर्नल धरत नाही, म्हणून एटी_सिक्युअर लागत नाही आणि व्हेरिएबल मानलं जातं. रूट म्हणून करून पाहिलेली चाचणी म्हणूनच इथे निरुपयोगी होती.

एलडीडीचं कारण वेगळं. एलडीडी लोडरलाच चालवतं आणि प्रोग्रामची फाइल त्याच्या हातात देतं. कर्नलच्या दृष्टीने सुरू झालेला प्रोग्राम म्हणजे लोडर, आणि लोडरवर कोणतीही कॅपॅबिलिटी नाही. सुरक्षित पद्धत लागत नाही, व्हेरिएबल मानलं जातं, सगळं सापडतं. एलडीडी खोटं बोलत नव्हतं, ते निराळ्या परिस्थितीबद्दल खरं सांगत होतं. या प्रकारच्या बिघाडांत नेमका इथेच सर्वांत जास्त वेळ वाया जातो: तपासणीचं साधन ज्या अटींवर चालतं, त्या अटी प्रोग्रामच्या नसतात, आणि हे साधनाच्या आउटपुटमध्ये कुठेही लिहिलेलं नसतं.

तोललेले पर्याय

कारण कळल्यावर टीमपुढे बरेच रस्ते होते.

सर्वांत झटपट म्हणजे /इटीसी/एलडी.एसओ.कॉन्फ.डी मध्ये एक फाइल टाकून एलडीकॉन्फिग चालवणं. कॅश सुरक्षित पद्धतीतही वाचला जातो, त्यामुळे सेटकॅप तसंच ठेवता येतं. तोटा एवढाच, पण मोठा, की हा बदल एका प्रोग्रामपुरता राहत नाही. तो त्या सर्व्हरवरच्या प्रत्येक प्रोग्रामला लागू होतो.

दुसरा रस्ता लायब्ररीचा पत्ता प्रोग्रामच्या फाइलमध्येच लिहिण्याचा, म्हणजे रनपाथ किंवा आरपाथ. पत्ता पूर्ण लिहायचा की $ओरिजिन वापरून प्रोग्रामच्या जागेच्या संदर्भाने, हा त्यातला उपप्रश्न. $ओरिजिन म्हणजे ती फाइल ज्या डिरेक्टरीत आहे ती.

तिसरा रस्ता फाइलवरची कॅपॅबिलिटी काढून टाकण्याचा आणि तोच अधिकार सिस्टमडीकडून ‘अँबियंट’ कॅपॅबिलिटी म्हणून देण्याचा. अँबियंट संच कर्नल ४.३ पासून आहे आणि त्यामुळे अधिकार वाढले तरी एटी_सिक्युअर लागत नाही. कारण उघड आहे: अधिकार फाइलमुळे नव्हे, तर चालवणाऱ्याकडून वारशाने आलेले असतात.

कॅपॅबिलिटी मुळीच न देण्याचेही मार्ग होते. नेट.आयपीव्ही४.आयपी_अनप्रिव्हिलेज्ड_पोर्ट_स्टार्ट ही कर्नल सेटिंग ४४३ वर आणली की सुटतं, पण मग सर्व्हरवरच्या कुठल्याही युजरला ४४३ आणि त्यावरचे सगळे पोर्ट मोकळे होतात. सिस्टमडीने सॉकेट आधीच उघडून हातात देणं हा सर्वांत स्वच्छ मार्ग. त्यासाठी कोडमध्ये बदल लागणार होता. संकलकाच्या समोर रिव्हर्स प्रॉक्सी (येणाऱ्या जोडण्या आधी घेऊन आत पाठवणारा सर्व्हर) बसवण्याचा विचार सोडला, कारण उपकरणांची सर्टिफिकेट तपासणी संकलक स्वतः करत होता. सगळं स्टॅटिक लिंक करणं, म्हणजे लायब्ररी प्रोग्रामच्या फाइलमध्येच घालणं, प्लगइनमुळे शक्य नव्हतं.

केलेली कामं

निर्णयाचा पहिला टप्पा: एलडीकॉन्फिग. सर्व्हिस बंद होती आणि उपकरणांचे आकडे अडकले होते, म्हणून सर्वांत लवकर होणारा पर्याय निवडला गेला. संकलक.कॉन्फ नावाची फाइल टाकली, एलडीकॉन्फिग चालवलं, सर्व्हिस ४४३ वर उभी राहिली. तोवर सगळं ठीक वाटत होतं.

रात्री क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कामं लावणारी सोय) चालणारी एक स्क्रिप्ट पडली. ती कर्ल (नेटवरून मजकूर आणणारी कमांड) वापरत होती आणि चूक अशी होती: लिबएसएसएल.एसओ.३ मध्ये ‘व्हर्जन ओपनएसएसएल_३.२.० नॉट फाउंड’. डेबियन १३ ची स्वतःची ओपनएसएसएल ३.५ आहे आणि डेबियनचा लिबकर्ल (कर्लची लायब्ररी) त्या नव्या आवृत्तीतली फंक्शन्स मागतो. बांधून दिलेली ३.० ची लायब्ररीही त्याच एसओनेमची (लोडर लायब्ररी ज्या नावाने ओळखतो ते), लिबएसएसएल.एसओ.३. लोडर एसओनेम जुळलं की फाइल घेतो. आतली आवृत्ती पुरेशी आहे का, हे नंतर तपासलं जातं.

दोनांपैकी कोणती आधी सापडावी, हे कशावर ठरलं? कॉन्फ.डी मधल्या फाइली नावाच्या वर्णक्रमाने वाचल्या जातात. रोमन लिपीत संकलकाची फाइल एसने सुरू होते आणि डेबियनची स्वतःच्या आर्किटेक्चरची फाइल एक्सने. एस आधी. म्हणून कॅशमध्ये बांधून दिलेल्या लायब्ररींना अग्रक्रम मिळाला. एलडीकॉन्फिग -पी चं आउटपुट त्याच वेळी वाचलं असतं, तर लिबएसएसएल.एसओ.३ च्या दोन ओळी एकाखाली एक दिसल्या असत्या, आणि वरची /ऑप्ट ची. फाइलचं नाव झेडने सुरू करून क्रम उलटवता आला असता. पण मग संकलकालाही सिस्टमचीच ओपनएसएसएल मिळाली असती आणि बांधून देण्याला अर्थ उरला नसता.

कर्ल पडलं म्हणून गोष्ट लक्षात तरी आली. त्याहून वाईट प्रकार न पडलेल्या प्रोग्रामांचा. जुन्या फंक्शन्सवर भागणारे प्रोग्राम गुपचूप ३.० ची लिबक्रिप्टो घेऊन चालत होते. तिला डेबियनचे सुरक्षा अपडेट कधीच मिळणार नव्हते. परिणाम हळूहळू पसरण्याचंही कारण आहे: आधीपासून चालू असलेल्या प्रोग्रामच्या स्मृतीतली लायब्ररी बदलत नाही, नव्याने सुरू होणाऱ्यांनाच नवा क्रम लागतो. दिवसा कुणाला काही जाणवलं नाही ते यामुळेच.

मागे फिरताना फाइल काढून एलडीकॉन्फिग पुन्हा चालवलं, आणि एवढ्यावर न थांबता /प्रॉक खालच्या प्रत्येक प्रक्रियेची मॅप्स फाइल /ऑप्ट/संकलक/लिब या शब्दासाठी शोधली. मधल्या काळात रीस्टार्ट झालेल्या काही सर्व्हिस अजून जुन्या लिबक्रिप्टोवर चालत होत्या. त्या रीस्टार्ट केल्या. हे पाऊल बहुतेक वेळा विसरलं जातं आणि मग कॅश शुद्ध असूनही दोष शिल्लक राहतो.

दुसरा टप्पा: पत्ता फाइलमध्ये लिहिणं. बांधणीच्या सूचनांच्या मेकफाइलमधल्या, प्रोग्रामचे भाग जोडणाऱ्या लिंकरच्या फ्लॅगमध्ये आरपाथ म्हणून $ओरिजिन/../लिब घातलं. प्रोग्राम तरीही लायब्ररी शोधेना. रीडएल्फ -डी ने डायनॅमिक विभाग छापला, तेव्हा रनपाथपुढे ‘रिजिन/../लिब’ असं लिहिलेलं निघालं. मेक डॉलरनंतरचं एकच अक्षर व्हेरिएबलचं नाव मानतो. ते व्हेरिएबल रिकामं असल्याने पहिलं अक्षर डॉलरसकट गळून गेलं. ही साधी टंकचूक नाही. उरलेला पत्ता सापेक्ष होता, म्हणजे प्रोग्राम ज्या डिरेक्टरीतून चालवला जाईल तिथून लायब्ररी शोधली गेली असती. वाढीव अधिकाराच्या प्रोग्रामला हे घातक आहे. मेकफाइलमध्ये दोन डॉलर आणि शेलपासून वाचवायला भोवती एकेरी अवतरणचिन्ह, असं लिहिल्यावर नोंद बरोबर आली.

पण सेटकॅप असताना बरोबर नोंदही चालली नाही. सुरक्षित पद्धतीत मुख्य प्रोग्रामच्या नोंदीतलं $ओरिजिन उलगडून येणारा पत्ता सिस्टमच्या विश्वासू डिरेक्टरींखालचा असेल तरच जीलिबसी तो स्वीकारते. /ऑप्ट त्यात बसत नाही. यामागे ठोस कारण आहे: अधिकार असलेल्या प्रोग्रामची हार्ड लिंक कुणी स्वतःच्या डिरेक्टरीत बनवली, तर $ओरिजिन त्या डिरेक्टरीकडे बोट दाखवू शकतं. या जातीची पळवाट २०१० मध्ये सीव्हीई या सुरक्षा-दोषांच्या यादीत सीव्हीई-२०१०-३८४७ म्हणून नोंदली गेली आहे.

मग पूर्ण पत्ता लिहून पाहिला: /ऑप्ट/संकलक/लिब. आता लिबकोअर सापडली आणि तक्रार पुढे सरकली, लिबफ्रेम.एसओ.२ सापडत नाही. पार्श्वभूमीत सांगितलेला तपशील इथे आडवा आला. रनपाथ फक्त त्या फाइलच्या थेट गरजांना लागू होतो. लिबफ्रेम मागते लिबकोअर, आणि लिबकोअरमध्ये रनपाथ नव्हताच. जुनी आरपाथ नोंद वेगळी वागते: ती मागणाऱ्याच्या मागच्या साखळीतही, थेट मुख्य प्रोग्रामपर्यंत, पाहिली जाते. आजच्या बहुतेक वितरणांत लिंकरला आरपाथ असं सांगितलं तरी तो प्रत्यक्षात रनपाथ लिहितो. जुनी नोंद हवी असेल तर डिसेबल-न्यू-डीटॅग्ज असं बजावावं लागतं.

इथे टीममध्ये मतभेद झाला. जुनी आरपाथ नोंद केली तर एकाच फाइलमध्ये बदल करून सगळी साखळी सुटत होती. पण आरपाथ एलडी_लायब्ररी_पाथच्याही आधी पाहिला जातो, म्हणजे चाचणीसाठी एखादी लायब्ररी तात्पुरती बदलून पाहण्याची सोय जाते. शेवटी प्रत्येक लायब्ररीत तिचा स्वतःचा रनपाथ लिहायचं ठरलं. काम जास्त होतं, पण मग प्रत्येक फाइल आपल्या गरजा आपणच भागवते आणि मुख्य प्रोग्राम बदलला तरी काही तुटत नाही. टीमच्या दोन लायब्ररी नव्याने लिंक केल्या. ओपनएसएसएलच्या तयार लायब्ररींवर, तयार फाइलमधली नोंद बदलणारं पॅचएल्फ --सेट-आरपाथ वापरलं. पॅचएल्फही मुद्दाम सांगितल्याशिवाय रनपाथच लिहितं.

पॅचएल्फने आणखी एक धडा दिला. एका सर्व्हरवर लायब्ररी सापडल्या, पण ४४३ वर बाइंड करताना ‘परमिशन डिनाइड’ आलं. तिथे आधी सेटकॅप आणि मग मुख्य प्रोग्रामवर पॅचएल्फ, असा क्रम झाला होता. फाइलमध्ये काहीही लिहिलं की कर्नल तिच्यावरची कॅपॅबिलिटी काढून टाकतो. साध्या सीपीने केलेल्या प्रतीतही ती येत नाही, आणि टार किंवा आरसिंकने नेतानाही वाढीव गुणधर्म सोबत घ्यायला मुद्दाम सांगावं लागतं. म्हणजे प्रत्येक अपडेटनंतर कुणीतरी आठवणीने सेटकॅप लावायचं. हे टिकणारं नव्हतं.

याच वेळी /ऑप्ट/संकलक/लिब ची मालकी सर्व्हिसच्या युजरकडे असल्याचं लक्षात आलं. वाढीव अधिकाराचा प्रोग्राम जिथून लायब्ररी उचलतो, ती डिरेक्टरी रूटशिवाय कुणालाही लिहिता येता कामा नये. मालकी बदलली.

तिसरा टप्पा: सेटकॅप सोडणं. अपडेटची नाजूकता आणि पूर्ण पत्त्याची अडचण, या दोहोंमुळे पारडं अँबियंटकडे झुकलं. पूर्ण पत्ता असला की दोन आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवून एकीवरून दुसरीवर जाता येत नाही. सेटकॅप -आर ने फाइलवरची कॅपॅबिलिटी काढली. हे आवश्यकच असतं, कारण फाइलवर कॅपॅबिलिटी असेल तर ती चालवताना अँबियंट संच पुसला जातो. युनिट फाइलमध्ये अँबियंटकॅपॅबिलिटीज आणि कॅपॅबिलिटीबाउंडिंगसेट या दोन्हींपुढे सीएपी_नेट_बाइंड_सर्व्हिस, आणि नोन्यूप्रिव्हिलेजेस=येस. एक्झेकस्टार्टमधून शेल स्क्रिप्ट काढून थेट प्रोग्रामचा पत्ता दिला. सुरक्षित पद्धत आता नव्हती, म्हणून मुख्य प्रोग्रामचा रनपाथ पुन्हा $ओरिजिन/../लिब आणि लायब्ररींचा $ओरिजिन केला.

स्क्रिप्ट गेल्याने दोन जुने छुपे दोषही गेले. स्क्रिप्टमध्ये नव्या पत्त्यानंतर अपूर्णविराम (:) आणि मग व्हेरिएबलची जुनी किंमत जोडलेली होती. जुनी किंमत रिकामी असली की शेवटी नुसता अपूर्णविराम उरतो आणि लोडर त्या रिकाम्या घटकाचा अर्थ ‘चालू डिरेक्टरी’ असा घेतो. शिवाय संकलक अधूनमधून जे सिस्टम प्रोग्राम चालवायचा, त्यांनाही ते व्हेरिएबल वारशाने जायचं आणि त्यांनाही जुनी ओपनएसएसएल मिळायची.

परिणाम

सर्व्हिस ४४३ वर उठली. चालत्या प्रक्रियेच्या स्टेटस फाइलमध्ये कॅपअँबपुढे शेवटचे तीन (हेक्साडेसिमल) अंक ४०० दिसले. या कॅपॅबिलिटीचा क्रमांक १० असल्याने हाच आकडा हवा. एलडी_डीबग पुन्हा बोलू लागलं. मॅप्समध्ये लिबएसएसएल /ऑप्ट ची आणि लिबसी सिस्टमची, हेही अपेक्षेप्रमाणे. पूर्ण डिरेक्टरी दुसऱ्या ठिकाणी हलवून, ईएनव्ही -आय ने पर्यावरण कोरं करून प्रोग्राम चालवला. तोही चालला.

काही तासांनी निर्यातीचं काम पहिल्यांदा लागलं आणि एक प्लगइन सापडेना. प्लगइन डीएलओपनने (प्रोग्राम चालू असताना लायब्ररी उघडणारं फंक्शन) नुसत्या नावावर उघडलं जात होतं आणि लिब/प्लगइन्स ही डिरेक्टरी फक्त जुन्या स्क्रिप्टमधल्या व्हेरिएबलमध्ये होती. डीएलओपन ज्या फाइलमधून बोलावलं जातं तिचा रनपाथ पाहतो, इथे लिबकोअरचा. तो $ओरिजिन:$ओरिजिन/प्लगइन्स असा केल्यावर निर्यात सुरू झाली. असं प्लगइन ‘नीडेड’ नोंदीत नसतं, म्हणून एलडीडी किंवा रीडएल्फ कुणीच त्याबद्दल आधी सांगू शकत नाही.

पॅकेज बनवण्याच्या टप्प्यात आता तपासणी आहे. प्रत्येक एल्फ फाइलवर (प्रोग्राम आणि लायब्ररींच्या फाइलींचा प्रकार) रीडएल्फ -डी चालतं. रनपाथ $ओरिजिनने सुरू होत नसेल किंवा त्यात रिकामा घटक असेल, तर पॅकेज नाकारलं जातं. मग एका कोऱ्या कंटेनरमध्ये एलडीडी चालतं, पण फक्त ‘नॉट फाउंड’ शोधत नाही. लिबएसएसएल सिस्टममधून आली तरी ते अपयश धरलं जातं. शेवटी सर्व्हिस त्याच युनिट फाइलने, त्याच युजरने उठवून प्रत्येक प्लगइन एकदा लोड केलं जातं.

वेगळं काय करता आलं असतं

परवानग्यांमागे गेलेला वेळ वाचवता आला असता. ‘नो सच फाइल’ आणि ‘परमिशन डिनाइड’ या वेगळ्या चुका आहेत. पहिली आली असताना मोड बदलत बसण्याला आधार नव्हता. कुठे पाहिलं गेलं ते आधी एसट्रेसने बघायचं, आणि तेही ज्या युजरने बिघडतं त्याच युजरने. एलडीडीचा होकार आणि प्रोग्रामचा नकार एकत्र दिसला, तर गेटकॅप आणि सेटयूआयडी बिट तपासणं हे पहिल्या दोन मिनिटांतलं काम आहे.

एलडीकॉन्फिगचा तात्पुरता उपाय टाळता आला असता का? सर्व्हिस बंद होती, घाई खरी होती. पण त्याच घाईत सेटकॅप -आर करून पोर्ट पुन्हा ८४४३ केला असता, तर जुनी मांडणी काही मिनिटांत परत मिळाली असती आणि बहुतेक उपकरणांचे आकडे सुरू झाले असते. मागे जाणं हा पर्याय त्या वेळी यादीतच घेतला गेला नाही. आणि एलडीकॉन्फिगच वापरायचं असेल, तर निदान सिस्टमशी एसओनेम जुळणाऱ्या लायब्ररी त्या डिरेक्टरीत नसाव्यात. टीमच्या स्वतःच्या दोनच लायब्ररी वेगळ्या डिरेक्टरीत ठेवून तेवढीच नोंदवली असती, तर कर्लला धक्का लागला नसता.

ओपनएसएसएल बांधून देण्याचा मूळ निर्णयही तपासायला हवा. जुने सर्व्हर बदलले गेल्यावर सिस्टमचीच लायब्ररी वापरणं श्रेयस्कर. त्यामुळे सुरक्षा अपडेटची जबाबदारी वितरणाकडे जाते आणि संघर्षाचं मूळच उरत नाही. हे काम अजून व्हायचं आहे.

अँबियंटचीही एक किंमत आहे. हा संच वारशाने पुढे जातो, त्यामुळे संकलक जे जे प्रोग्राम चालवतो त्यांनाही खालचे पोर्ट धरण्याचा अधिकार मिळतो. सध्या बाइंड झाल्याबरोबर संकलक पीआरसीटीएल कॉलने अँबियंट संच रिकामा करतो. पुढच्या आवृत्तीत सॉकेट सिस्टमडीच उघडून देणार आहे. मग प्रोग्रामला तो सॉकेट फाइल डिस्क्रिप्टर ३ म्हणून तयार मिळेल आणि युनिट फाइलमधली कॅपॅबिलिटीची ओळही काढता येईल.